चित्रपटांतील ख्रिस्ती माणूस: चित्र आणि वस्तुस्थिति

हिंदुस्थानांतील चित्रपटकलेचे जनक दादासाहेब फाळके ह्यांना आपल्या कार्याची स्फूर्ति कोठून मिळाली, हें आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. १९१०–११ च्या सुमारास मुंबईंतील एका चित्रगृहांत त्यांनीं प्रभु येशूच्या चरित्रावरील मूकपट पाहिला. तो पाहत असतां, राम-कृष्णांचीं चरित्रें अशींच पडद्यावर कां दिसूं नयेत, हा विचार त्यांच्या मनांत उद्भवला. आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. ज्या कलेच्या मुळाशीं ख्रिस्तचरित्राचें दर्शन आहे, त्या कलेनें ख्रिस्ताच्या अनुयायांचें, विशेषतः आपल्या कोंकणपट्टींतील कॅथॉलिक समाजाचें, चित्र कितपत खरें रेखाटलें? ज्युबिलीच्या वर्षीं समाज आपला मागील हिशेब तपासतो. इतरांनीं आपल्याला कसें दाखविलें, हीही त्या हिशेबांतील एक बाब आहे.

हिंदी बोलपटांतील ख्रिस्ती मनुष्य प्रेक्षकांच्या चांगला परिचयाचा आहे. पुरुष असल्यास तो मद्यप्रिय, दिलदार व मोडकें हिंदी बोलणारा. स्त्री असल्यास झगा घातलेली घरमालकीण, कचेरींतील टंकलेखिका अथवा नाचगृहांतील नर्तकी. 'अनाडी' (१९५९) मध्यें ललिता पवार ह्यांनीं उभी केलेली मिसेस डिसा तोंडानें फटकळ, परंतु अंतःकरणानें मायाळू आहे. 'बॉबी' (१९७३) मधील जॅक ब्रागांझा हा गोव्याचा उमदा मच्छीमार. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील अँथनी धर्मगुरूच्या छायेंत वाढलेला, प्रभूशीं भोळेपणानें बोलणारा, आणि तरीही दारूचा गुत्ता चालविणारा. हीं पात्रें दुष्ट नाहींत. प्रेक्षकांनीं त्यांजवर प्रेमच केलें, हें न्यायबुद्धीनें मान्य केलें पाहिजे. अशीं माणसें आपल्यांत नाहींत असेंही नाहीं. दोष आहे तो वेगळाच: एका गल्लींतील चार माणसें पाहून साऱ्या समाजाचें चित्र काढलें गेलें.

असें कां व्हावें, ह्याला इतिहासांत कारणें आहेत. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमलाखालीं होता. मुंबईच्या निर्मात्यांनीं गोवा पाहिला नव्हता; त्यांनीं पाहिला तो पोटासाठीं मुंबईस आलेला गोवेकर. धोबीतलावाच्या आसपास 'कूड' नांवाचीं जीं गांववार वसतिस्थानें होतीं, तेथें उतरणारा खलाशी, आचारी व वादक हाच त्यांच्या दृष्टीस पडे. त्याचें शेत, त्याचें गांव, त्याची कोंकणी भाषा त्यांच्या दृष्टिआड राहिली. पुढें मुंबई राज्यांत १९४९ च्या कायद्यानें दारूबंदी झाली. चोरटी दारू विकणारे सर्व जातिधर्मांचे होते. पडद्यावर मात्र ख्रिस्ती 'आंटी'चा अड्डाच तेवढा टिकला. तिसरें कारण निर्मात्यांच्या सोयीचें. मद्य, नाच व तोकडा पोशाख दाखवावयाचा, परंतु बहुसंख्य प्रेक्षकांच्या घरची स्त्री तशी दाखवावयाची नाहीं, अशा वेळीं नर्तकीचें नांव रोझी किंवा लिली ठेवलें कीं काम भागे. 'ज्यूली' (१९७५) हा अँग्लो-इंडियन रेल्वे कुटुंबावरील चित्रपट. पण सामान्य प्रेक्षक अँग्लो-इंडियन, गोवेकर व वसईकर ह्यांत भेद करीत नाहीं. त्याच्या लेखीं आडनांव पोर्तुगीज, म्हणजे माणूस परदेशी.

ह्या बाबतींत एक उदाहरण मनन करण्याजोगें आहे. 'अमर अकबर अँथनी' मधील एका गाण्यांत नायक आपलें नांव अँथनी गोन्साल्विस असें सांगतो. हें नांव कल्पित नव्हे. गोव्यांतील माजोर्डा गांवीं १९२७ सालीं जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनचे नामांकित शिक्षक होते. संगीतकार प्यारेलाल व राहुलदेव बर्मन हे त्यांचे विद्यार्थी. १९५८ सालीं भारतीय रागांवर आधारलेल्या रचना वाजविण्यासाठीं त्यांनीं वाद्यवृंद उभारला. प्यारेलाल ह्यांनीं गुरूचें स्मरण म्हणून तें नांव गाण्यांत आणिलें. त्यांचा हेतु सद्भावाचा होता. परंतु परिणाम पहा. नांव घरोघर पोहोंचलें तें गुत्तेवाल्याचें. २०१२ सालीं निधन पावलेल्या त्या विद्वान संगीतज्ञाला किती प्रेक्षक ओळखतात? चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड अशा कित्येक गोवेकरांनीं हिंदी चित्रपटसंगीताची उभारणी केली. त्यांचें वादन पडद्यामागें होत असतां पडद्यापुढें त्यांच्या समाजाचा विनोद होत होता.

गोव्याची ही गोष्ट, तर आपल्या वसईची त्याहून निराळी. येथील किल्ल्याच्या भग्न देवळांत व तटांवर कित्येक चित्रपटांचें चित्रीकरण झालें. परंतु किल्ल्याबाहेरच्या वाडींत कॅमेरा क्वचितच शिरला. १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ सालीं चिमाजीआप्पांनीं ती जिंकली. ह्या दोनशें वर्षांत ज्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांनीं जमीन सोडली नाहीं व भाषाही सोडली नाहीं. स्नानसंस्काराच्या वेळीं आडनांवें पोर्तुगीज मिळालीं; शेतींतील केळी, पानवेली व फुलें होतीं तींच राहिलीं. आपल्या आज्या लाल लुगडें नेसून मिस्सेला येत व सामवेदी किंवा वाडवळी बोलींत नातवंडांना दटावीत. ह्याच मातींत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ सालीं जपानांत नागासाकी येथें रक्तसाक्षी झाले. मराठी ही ख्रिस्ती माणसाला परकी नाहीं, ह्याची साक्ष १६१६ सालीं राशोल येथें छापलेलें फादर स्टीफन्स ह्यांचें 'ख्रिस्तपुराण' देतें. आणि २०२० सालीं उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं भूषविलें. असें असूनही रॉड्रिग्ज, लोपीस हें आडनांव ऐकतांच, "तुम्हांला मराठी येतें?" हा प्रश्न आपल्या मुलांना अजूनही ऐकावा लागतो. त्या प्रश्नाच्या मुळाशीं बोलपटांचा वांटा मोठा आहे.

सर्वच चित्रपटांना दोष देणें अन्यायाचें होईल. 'बातों बातों में' (१९७९) मध्यें वांद्र्याचीं ख्रिस्ती कुटुंबें लोकलनें कचेरीस जाणारीं, लग्नाची चिंता करणारीं, चार शेजाऱ्यांसारखीं दिसतात. 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' (१९८०) मध्यें गिरणीकामगार बाप व मोटार-मेकॅनिक मुलगा आहे. श्याम बेनेगल ह्यांचा 'त्रिकाल' (१९८५) लोटली गांवांतील खऱ्याखुऱ्या जुन्या वाड्यांत चित्रित झाला. मात्र तेंही जमीनदार घराण्याचें दर्शन. मुंडकाराच्या घरांतून गोवा कसा दिसे, हें त्यांत थोडेंच कळतें. १९५० च्या 'मोगाचो आंवडो' पासून कोंकणी चित्रपट सुरू झाला, आणि २०१४ च्या 'नाचूंया कुंपासार' मध्यें मुंबईंत वाजविणाऱ्या गोवेकर वादकांची कथा त्यांच्याच भाषेंत सांगितली गेली. घरच्या माणसानें घरची गोष्ट सांगितली म्हणजे ती किती वेगळी भासते, हें तो पाहून समजतें.

म्हणून रागावून निषेधपत्रें लिहिण्यापेक्षां एक निकडीचें काम आपल्या हातीं आहे. आपल्या धर्मग्रामाच्या स्नानसंस्कार व विवाहांच्या नोंदवह्या, पेटींत पडलेलीं जुनीं छायाचित्रें, म्हाताऱ्यांच्या मुखीं असलेलीं लग्नगीतें व बोलींतील म्हणी हा आपला खरा दस्तऐवज होय. गीतें जाणणाऱ्या वृद्धा दरवर्षीं कमी होत आहेत. त्यांच्याबरोबर जें जाईल, तें कोणताही निर्माता परत आणूं शकणार नाहीं. आज तरुणांच्या खिशांत कॅमेरा आहे. तो ह्या वर्षीं प्रथम आपल्या आजीपुढें धरावा, तिला तिच्या बोलींत बोलूं द्यावें व तें जतन करावें, एवढीच ह्या ज्युबिलीच्या प्रसंगीं माझी विनंति. प्रभु ह्या कामीं आपणां सर्वांस सुबुद्धि व चिकाटी देवो.