सुटलेला टाका

पेण आणि रोहा ही रायगड जिल्ह्यातील दोन जुनी गावे. पेणचे नाव निघाले की गणेशमूर्ती, मिठागरे आणि पापड आठवतात. रोह्याचे नाव निघाले की कुंडलिका नदी आणि भाताची खाचरे. लोकर आणि विणकामाच्या सुया या गावांच्या नावाशी सहसा कोणी जोडणार नाही. ज्या मुलखात पौषातही अंगावर एक शाल पुरते, तेथे स्वेटरचे प्रयोजन ते काय? तरीही या भागातील घरभेटींच्या वेळी एका जुन्या पत्र्याच्या ट्रंकेतून निघालेल्या दोन सुया आम्हांला पाहावयास मिळाल्या, आणि त्या सुयांनी आम्हांला इतिहासाच्या बऱ्याच दूरच्या वाटेने फिरवून आणले. ती वाट वाचकांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ट्रंक पंचाहत्तरीला आलेल्या एका आजींची. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा त्या शाळकरी होत्या. त्या हिवाळ्यात देशभरच्या स्त्रियांनी सीमेवरील जवानांसाठी स्वेटर, मोजे आणि मफलर विणून पाठविले, हे सर्वश्रुत आहे. आजींच्या शाळेतील बाईंनीही मुलींना व्हरांड्यात बसवून सुया हाती दिल्या होत्या. "आमचे मफलर लडाखला पोचले की नाही, देवाला ठाऊक; पण हात शिकले," असे आजी म्हणाल्या. पुढे त्यांनी गावातील कितीतरी बाळांची टोपडी विणली. आम्ही सहज विचारले, "आजी, आता नातीला शिकवता की नाही?" त्या म्हणाल्या, "फादर, एकटीला शिकवता येत नाही हे. शिकायला बसायला चार जणी लागतात. त्या चार जणी कुठून आणू?"

आजींच्या या वाक्यात आम्हांला एका फार जुन्या संस्थेचे मर्म सापडले.

एक क्रियापद, अनेक हात

आपल्या मराठीत 'विणणे' हे क्रियापद मोठे उदार आहे. साळी मागावर कापड विणतो, कोळी जाळे विणतो, बुरूड टोपली विणतो, बाज निवारीने विणतात आणि आजी टोपडेही विणतात. इतर भाषांत ज्यांना वेगवेगळी नावे आहेत, ती सारी कामे मराठी माणसाने एकाच शब्दात गुंफली.

कृती मात्र वेगळी आहे. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे लागतात. सुयांच्या विणकामात एकच धागा स्वतःच्याच फासातून पुढे जातो. टाके दोनच, सुलट आणि उलट. दोन सुलट, दोन उलट असे घालीत गेले की मनगटावर घट्ट बसणारी, ताणली जाणारी पट्टी तयार होते. त्याच दोन टाक्यांच्या फिरवाफिरवीतून जाळी, वेणी आणि नक्षी निघते. प्रत्येक टाका खालच्या टाक्यावर उभा असतो. म्हणूनच एक टाका सुटला की तो ओळीमागून ओळ खाली उसवत जातो. जाणती बाई अशा वेळी सारे उसवीत नाही. ती बारीक आकडा घेऊन खाली उतरते, सुटलेला टाका शोधते आणि एकेक पायरीने त्याला वर आणते. हे पुस्तकात वाचून समजते, पण हाताला येते ते शेजारी बसलेल्या बाईचा हात पाहूनच.

बिनशिवणीचा झगा

सुयांचे हे विणकाम मागाच्या मानाने अलीकडचे. इजिप्तमध्ये सापडलेले सुती मोजे, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे, सुमारे हजार वर्षांपूर्वीपासूनचे आहेत. युरोपात स्पेनमधील बुर्गोस येथील लास उएल्गास या धर्मभगिनींच्या मठात राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा याच्या थडग्यात विणलेली उशी सापडली. तो १२७५ साली वारला. ती उशी मुसलमान कारागिरांच्या हातची मानली जाते. ख्रिस्ती राजपुत्राच्या मस्तकाखाली मुसलमान कारागिराची वीण! कलेला कुंपणे कमीच असतात.

चौदाव्या शतकात चित्रकारांनी पवित्र मरियेच्या हाती विणकामाच्या सुया दिल्या. त्यांपैकी सर्वांत हृद्य चित्र जर्मनीतील बुक्स्टेहुडे येथील वेदीसाठी १४०० च्या सुमारास काढले गेले. ते मास्टर बर्ट्राम याच्या नावावर असून आज हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात आहे. मरिया चार सुयांवर गोल विणीत एक झगा पुरा करीत आहे. काम गळ्यापर्यंत आले आहे. बाळ येशू पुस्तक ठेवून मागे वळून पाहतो, कारण देवदूत क्रूस आणि खिळे घेऊन आले आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसाखाली शिपायांनी ज्याच्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, तो वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला, शिवण नसलेला झगा हाच. मूळ झगा मागावरचा असणार; पण गोल विणलेल्या वस्त्राला शिवण नसते, हे चित्रकाराने आपल्या घरातील बायकांच्या हाती पाहिले असावे.

संघांची शिस्त आणि तिची उणीव

पुढे युरोपच्या शहरांतून विणकरांचे संघ उभे राहिले. पॅरिसच्या संघाने संत फियाकर यांना आपले आश्रयदाते मानले. आल्सेस, सायलेशिया या भागांतील सतराव्या-अठराव्या शतकातील नियम वाचले तर आजच्या पदवी परीक्षा सोप्या वाटाव्यात. तीन वर्षे उस्तादाच्या घरी उमेदवारी, तीन वर्षे गावोगाव फिरून काम, आणि मग परीक्षा. परीक्षेत एक टोपी, एक सदरा, मोज्यांची वा हातमोज्यांची जोडी आणि फुलापानांनी भरलेला, पलंगाएवढा रंगीत गालिचा ठराविक आठवड्यांत विणून दाखवावा लागे. तो पसंतीस उतरला तरच 'उस्ताद' ही पदवी मिळे.

मात्र या संघांचे दार बहुतेक ठिकाणी पुरुषांनाच उघडे होते. उस्तादाच्या विधवेला काही ठिकाणी दुकान चालविता येई, एवढीच सवलत. घरी बसून मोजे विणणाऱ्या हजारो बायका संघाबाहेरच राहिल्या. १५८९ साली विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणण्याचे यंत्र काढले. तो कॅल्व्हर्टन गावचा पाळक होता, अशी परंपरा आहे. यंत्रांपुढे हे संघ कालांतराने मागे पडले. बायकांच्या सुया मात्र थांबल्या नाहीत, कारण त्या कोणाच्या परवान्यावर चालत नव्हत्या.

आपल्याकडील श्रेणी

संघ ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. तो इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन संघांकडे ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याज तेवढे वापरावयाचे. एका संघाकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा १ दराने. दुसऱ्याकडे १००० कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे होते. वाचकांनी हिशेब करून पाहावा: २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि वीस भिक्षूंचे बारा-बाराप्रमाणे तेवढेच २४०. राजाच्या जावयाने आपला धर्मादाय विणकरांच्या हवाली निःशंकपणे करावा, एवढी त्या संघांची पत होती.

आपल्या जिल्ह्यातही विणीची परंपरा जुनी आहे. रोह्याखालून वाहणारी कुंडलिका जेथे समुद्रास मिळते, तेथे चौल-रेवदंडा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिन्स्कोटेन या डच प्रवाशाने चौलच्या रेशमी कापडाची वाखाणणी केली. १७४० साली पोर्तुगीजांची सत्ता तेथून गेली, बंदर गाळाने भरले, माग थांबले. खाडीपलीकडच्या कोर्लई गावात आपल्या श्रद्धाबांधवांनी त्या काळची पोर्तुगीज मिश्रित बोली मात्र आजवर जपली. ती बोली घराघरांत रोज बोलली गेली म्हणून टिकली. मागावर बसणारे पांगले, आणि ती कला गेली.

सुया मराठी मुलींच्या हाती

लोकरीच्या सुया मराठी मुलींच्या हाती आल्या त्या मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील मिशनच्या शाळांतून. वाचन-लेखनाबरोबर शिवण-टिपण शिकविण्याचा तेथे प्रघात होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आलेल्या मुलींना विणकामापासून छपाईपर्यंतचे उद्योग शिकविले. १९०९ साली रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्याच्या सेवासदनाचा पाया घातला. तेथेही हस्तोद्योगाचे वर्ग विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांच्या आयुष्याला आधार झाले. युरोपच्या संघांनी जिला दाराबाहेर ठेवले, तिच्यासाठीच येथे दार उघडले गेले.

या कामाला विसाव्या शतकात दोन मोठी वळणे मिळाली, आणि त्यांतील एक पेणशी, दुसरे रोह्याशी नाते सांगते.

पेणची वाट

पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीला होते आणि वस्त्रविद्येचे जाणकार होते. १९१६ साली गांधीजींच्या आश्रमात दाखल झालेल्या या पंडिताने उपनिषदांइकेच मन माग, चरखा आणि टकळीत घातले. १९२५ च्या सप्टेंबरात पाटणा येथे अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. त्याची वर्गणी पैशांत नव्हे, सुतात भरावयाची होती: पहिल्या वर्गाच्या सभासदाने दरमहा स्वतः कातलेले १००० वार सूत द्यावे, असा नियम होता. हात चालविल्यावाचून सभासदत्व नाही!

विनोबांनी यापुढे एक पाऊल टाकले. वर्ध्याजवळ नालवाडीस राहून त्यांनी कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते, तेवढ्यावरच स्वतःचा निर्वाह करून पाहण्याचा प्रयोग केला. दिवसभर सूत कातूनही पोट भरणे किती कठीण, हे त्यांनी स्वतःच्या देहावर मोजले. त्याच सुमारास, १९३५ साली, चरखा संघाने कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी देण्याचे तत्त्व स्वीकारले. बायकांचे हातकाम म्हणजे फावल्या वेळचा विरंगुळा, असे समजणाऱ्या आम्हां सर्वांना हा प्रयोग अंतर्मुख करणारा आहे. एका स्वेटरला किती तास लागतात, हे आपल्यापैकी कितीजणांनी कधी विचारले?

रोह्याची वाट

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले. १९५३ च्या जानेवारीत त्यांचा विवाह दुर्गाबाईंशी झाला. दुर्गाबाई मूळच्या आंध्रच्या. लहान वयातच त्यांनी काकिनाड्यात मुलींसाठी हिंदी पाठशाळा चालविली होती आणि १९३७ साली मद्रासमध्ये आंध्र महिला सभा स्थापिली होती. विवाहाच्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघाले व त्याच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई झाल्या. मंडळाच्या साहाय्याने खेडोपाडी बालवाड्या, प्रौढ साक्षरता आणि हस्तोद्योग वर्ग उघडले गेले. १९५८ साली शाळा सुटलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू झाले. काही वर्षांचा अभ्यास दोन वर्षांत पुरा करून परीक्षेस बसण्याची ती सोय होती. शिक्षणाचा सुटलेला टाका खाली उतरून वर आणण्याचेच ते काम होते. महिला मंडळांतील 'शिवण-विणकामाचा वर्ग' या साध्या पाटीमागे हा विचार उभा होता. सुई हे निमित्त. तिच्या निमित्ताने बाई घराबाहेर येई, चौघींत बसे, हिशेब लिही, सही करू लागे.

चार जणी

आता मफलर बाजारात स्वस्त मिळतात, आणि कोळ्यांची जाळीही नायलॉनची, कारखान्यातून विणून येतात. त्याबद्दल खंत करीत बसण्यात अर्थ नाही. यंत्राने पुष्कळांचे अंग झाकले. पण यंत्राने वस्त्र दिले तरी चार जणी दिल्या नाहीत, आणि आजींची अडचण तीच आहे.

म्हणून पेण-रोह्याच्या आणि इतरही धर्मग्रामांतील कुटुंबांना आमचे एक नम्र सांगणे आहे. आठवड्यातून एक दुपार ठरवावी. जिच्या हाती कला आहे, तिला मध्ये बसवावे. नवशिकीने प्रथम एक वीतभर चौकोन विणावा; असे चौकोन जोडले की थंडीत डोंगरावरच्या वाडीतील एखाद्या बाळाला पांघरूण होते. कोणी विकण्यासाठी विणले तर तिच्या तासांची मजुरी विनोबांची आठवण ठेवून धरावी. चार पैसे जमले तर त्यांचा हिशेब नाशिकच्या विणकरांइतका चोख असावा. आणि दार सर्वांना, शेजारच्या कोणत्याही धर्माच्या लेकीसुनेला, उघडे असावे; लास उएल्गासच्या त्या उशीने आपल्याला एवढे तरी शिकवावे.

निघताना आजींनी आम्हांला सुटलेला टाका कसा उचलतात ते करून दाखविले. आमच्या हाताला ते काही जमले नाही. नात मात्र दारातून पाहत होती. आम्ही तिला म्हटले, "बाळ, तुझ्या तीन मैत्रिणी आण." ती हसली आणि आजींकडे पाहू लागली. आजींनी सुया ट्रंकेत परत ठेवल्या नाहीत, खिडकीत ठेवल्या.