व्हेरोनाच्या नोंदींपासून उस्मानाबादपर्यंत

१८४२ मध्ये इटलीतल्या व्हेरोना शहराच्या जुन्या मृत्युनोंदी तपासताना रिगोनी-स्टर्न या डॉक्टरांना दिसलं, की गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत अधिक, मठातल्या नन्समध्ये क्वचितच. कारण उमगायला शतकाहून अधिक काळ लागला. १९८३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ‘एचपीव्ही १६’ हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू सापडला. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

हा संसर्ग अतिशय सर्रास आढळतो, बहुधा आपोआप जातो. वर्षानुवर्षं टिकला तरच धोका. म्हणून या रोगावरून बाईचं चारित्र्य जोखणं मला अन्यायाचं वाटतं. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असं २००९ मध्ये जाहीर झालं. लाजेपायी ही तपासणी टाळू नये.