चालायला लागली ११७ वर्षं

घरात कुणाचं गर्भाशय काढलं की पहिला सल्ला ठरलेला: "पडून राहा, उठू नकोस." पण हा सल्ला आला कुठून?

एकोणिसाव्या शतकात पोटाच्या ऑपरेशननंतर बायकांना दोन-तीन आठवडे झोपवूनच ठेवायचे. भीती एकच, टाके उसवतील. १८९९ मध्ये शिकागोचे स्त्रीरोगतज्ज्ञ एमिल रीस यांनी उलटं लिहिलं: लवकर खायला द्या, एक-दोन दिवसांत उठवा. फारसं कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या महायुद्धात खाटा आणि नर्स कमी पडल्या, तेव्हा कुठे पेशंटना लवकर उठवणं रुळू लागलं. पडून राहिल्यानं पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, हेही पटत गेलं. १९९७ मध्ये डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी वेदनाशमन, आहार आणि हालचाल यांची एकत्र मोट बांधली. त्यातूनच 'इरास' पद्धत आली. स्त्रीरोग शस्त्रक्रियांसाठी तिच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या २०१६ मध्ये.

रीस यांच्याकडे पुरावा तोकडा होता, मान्य. पण झोपवून ठेवण्यामागे तर नुसती सवय होती, आणि तिला पुरावा कुणी मागितलाच नाही. लिटरेचर रिव्ह्यू करताना हा प्रश्न नव्या कल्पनेइतकाच जुन्या रिवाजालाही विचारा.