१४. जस्टिफिकेशन

‘मजकूर बदनामीकारक असेल, पण तो खरा आहे’ असा प्रतिवादीचा बचाव. इंग्लंडच्या दिवाणी कायद्यातली २०१३ पर्यंतची संज्ञा. ‘इंडियन अनरेस्ट’ (१९१०) या पुस्तकावरून टिळकांनी सर व्हॅलेंटाइन चिरोल आणि प्रकाशक मॅकमिलन यांच्यावर लंडनमध्ये दावा लावला, तेव्हा चिरोल यांनी हाच बचाव घेतला. त्यात शाबितीचा बोजा प्रतिवादीवर असतो. कागदावर हे टिळकांच्या सोयीचे. प्रत्यक्षात या बचावामुळे वादीचे सारे पूर्वायुष्य चव्हाट्यावर मांडायला वाट मिळते. पुराव्याचा काही भाग कमिशन नेमून हिंदुस्थानातच नोंदवला गेला. १९१९ च्या सुनावणीत चिरोल यांचे वकील सर एडवर्ड कार्सन यांनी उलटतपासणीत १८९७ आणि १९०८ च्या राजद्रोहाच्या शिक्षा पुढे आणल्या, आणि ‘केसरी’तले लेख इंग्रजी भाषांतरातून लंडनच्या ज्यूरीपुढे आले. मूळ मराठीतला उपरोध तिथे कोणाला कळणार? न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे चाललेला हा दावा टिळक हरले. खर्चही अंगावर पडला. भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९९ मधला पहिला अपवाद निराळा: तिथे नुसते सत्य पुरत नसे, प्रसिद्धी लोकहिताची होती हेही आरोपीने दाखवावे लागे. १८८२ च्या बर्वे प्रकरणात (कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीचा खटला) टिळक-आगरकर मात्र पहिल्याच पायरीवर अडले. पुराव्याची पत्रे बनावट निघाली.