विमान न उतरलेल्या बंदराचे टपाल

हवाई टपालाचा इतिहास आपल्याकडे बहुधा तीन तारखांत सांगून संपतो. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या मैदानावरून सुमारे साडेसहा हजार पत्रे यमुनेपलीकडे नैनीला नेली. २२ ऑक्टोबर १९२९ रोजी नाशिकच्या छापखान्यातली विमानटपालाची पहिली भारतीय तिकिटे विक्रीला आली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले. तिन्ही घटना खऱ्या, आणि तिन्हींची पाकिटे संग्राहकांच्या आल्बमात मानाच्या जागी असतात. पण इथल्या सामान्य माणसाचे पत्र विमानाने कधी जाऊ लागले, हे त्या तिन्हींवरून कळत नाही. ते कळायचे असेल तर मिरकरवाड्यासारख्या जागेवरून पाहावे लागते. रत्नागिरीचे हे मासळीचे बंदर विमानटपालाच्या पहिल्या दशकांत कुठल्याच वेळापत्रकावर नव्हते. माझे म्हणणे असे की, विमान जिथे उतरत नव्हते तिथल्या टपालावरून विमानटपालाची खरी व्याप्ती मोजता येते, आणि ती मोजायला लागले की संग्राहकांचा आजवरचा मानक्रम उलटा करावा लागतो.

अलाहाबादचेच घ्या. नैनीचे अंतर जेमतेम सहा मैल. बैलगाडीनेही पत्रे त्याच दिवशी पोचली असती. सहा आण्यांचे जादा शुल्क एका ख्रिस्ती वसतिगृहाच्या मदतीसाठी होते, शिक्का खास बनवलेला होता, आणि पुढे नैनीहून ती पत्रे नेहमीच्या टपालातूनच गेली. म्हणजे पाकिटे जपून ठेवण्यासाठीच घडवली होती. यात फसवणूक काही नाही. वॉल्टर विंडहॅम या संयोजकाने उघडपणे मदतनिधी उभारला आणि लोकांनी हौसेने पैसे दिले. मात्र त्या पाकिटाला टपालव्यवहाराचा पुरावा म्हणायचे असेल तर जत्रेतल्या पाळण्यालाही वाहतुकीचे साधन म्हणावे लागेल. १९३२चे उड्डाण वेगळ्या जातीचे. इंपीरियल एअरवेज लंडनचे टपाल १९२९पासून कराचीला आणून टाकत होती. टाटांच्या पस मॉथ विमानाने ते अहमदाबादमार्गे मुंबईला आणि तिथून वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. सरकारने अनुदान दिले नव्हते. नेलेल्या टपालाच्या वजनावर कमाई होती. हे टपाल मात्र गरजेचे होते. तरीही आल्बमात आपण ठेवतो ते पहिल्या दिवसाचे पाकीट. पुढच्या आठवड्याचे, कुणा व्यापाऱ्याने घाईने लिहिलेले पाकीट कुणी शोधत नाही.

आता मिरकरवाड्यावरून पाहू. २९ ऑक्टोबर १९३५ रोजी टाटांनी मुंबई ते त्रिवेंद्रम अशी नवी सेवा सुरू केली. थांबे गोवा आणि कण्णूर. ही वाट कोकणपट्टीची; मुंबई आणि पोर्तुगीज गोवा यांच्या मधोमध रत्नागिरी. मुंबईहून गोव्याचे पत्र आता आकाशातून जाऊ शकत होते, आणि वाटेतल्या रत्नागिरीचे पत्र आगबोटीने येत होते. आगबोट किनाऱ्यापासून दूर नांगर टाकी, माणसे आणि बोजे पडावातून काठावर येत. ज्येष्ठात समुद्र खवळला की बोटी बंद. नारळी पौर्णिमेनंतर दर्या उघडेपर्यंत टपालाला घाटाचा रस्ता धरावा लागे, कोल्हापुरापर्यंत रेल्वे आणि पुढे आंबा घाट. त्या दशकात विलायतेहून रत्नागिरीला आलेल्या एखाद्या पाकिटावर हवाई टपालाची निळी चिठ्ठी डकवलेली असली, तर ती मुंबईपर्यंतच खरी. पुढचा प्रवास पाण्यावरचा.

पावसाने ही गोष्ट आणखी रंगवली आहे. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून टाटांना त्या चार महिन्यांत तळ पुण्याला हलवावा लागे. येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या मोकळ्या जागेवर विमाने उतरत. म्हणजे आषाढात समुद्राचे टपाल आणि आकाशाचे टपाल दोन्ही घाटमाथ्यावर चढत होती. सरळ हिशेबाने पाहिले तर जुलैतले लंडन-रत्नागिरी पत्र पुण्यात उतरून रेल्वेने कोल्हापूरकडे जाणे हीच सोयीची वाट ठरते. १९३३-३४च्या सरकारी अहवालात टाटांच्या वक्तशीरपणाची, विशेषतः पश्चिम घाटावरच्या पावसातल्या उड्डाणांची, तारीफ आहे आणि ती रास्तही आहे. पण विमान वेळेवर आले म्हणून पत्र वेळेवर आले असे होत नाही. कोकणात पत्राची वेळ बोटवाला आणि घाट उतरणारा टपालवाला ठरवत होते.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो वजनदार आहे. मिरकरवाड्यात हवाई टपाल वापरत होते कोण? जाळी विणणारे, होड्या ओढणारे, मासळी सुकवणारे लोक. दोन आण्यांपासून बारा आण्यांपर्यंतची १९२९ची ती सहा तिकिटे त्यांच्यासाठी छापलीच नव्हती. मग जिथे पत्रच नाही तिथून इतिहास काय पाहायचा? १९४९पूर्वीच्या काळापुरता हा आक्षेप मला मान्य आहे. त्या तिकिटांवरचे विमान, डी हॅविलंड हर्क्युलिस, कैरो-कराची मार्गावरचे होते. त्या मार्गाची गरज साहेबाला, पेढीवाल्याला आणि वकिलाला. रत्नागिरी जिल्ह्याचे टपाल म्हणजे मुंबईच्या गिरणीतून येणारी मनीऑर्डर आणि तिच्या पोचेचे पोस्टकार्ड. मुंबई-रत्नागिरी हे अंतर विमानाने तोडण्याचा प्रश्नच नव्हता. १९३८च्या फेब्रुवारीत ब्रिटिश साम्राज्यातली साधी पत्रे जादा आकाराशिवाय विमानाने नेण्याची योजना हिंदुस्थानला लागू झाली, तेव्हा पहिल्यांदा हवाई टपालाचा वेगळेपणा पुसट झाला. पण ती योजना विलायतेच्या टपालापुरती होती आणि दीड वर्षात युद्धाने ती थांबवली.

खरी उलथापालथ १९४९ची, आणि तिचे ठिकाण मराठी मुलखातले आहे. त्या वर्षी ३० जानेवारीला रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि सकाळपर्यंत आपापल्या शहरी परतत. १ एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे, जिथे विमानाने वेळ वाचेल तिथे, जादा तिकीट न घेता विमानाने जाऊ लागली. जुहूच्या पहिल्या उड्डाणाइतकी वाखाणणी या निर्णयाच्या वाट्याला आलेली नाही, हे मला अन्यायाचे वाटते. रत्नागिरीच्या पेटीत टाकलेले दिल्लीचे वा कलकत्त्याचे पत्र नेहमीसारखे मुंबईला पोचे. तिथून रात्री आकाशात चढे. पाठवणाऱ्याने जादा पै दिली नाही, निळी चिठ्ठी लावली नाही, बहुधा त्याला कळलेही नाही. ज्या बंदरावर विमान उतरत नव्हते तिथला माणूस याच दिवसापासून हवाई टपालाचा गिऱ्हाईक झाला.

आणि नेमके इथेच संग्राहक थांबतो. १९११चा शिक्का दिसतो, १९२९चे तिकीट दिसते, एखाद्या तिकिटावर झाडाचा शेंडा न उमटलेली छपाईची चूकही भिंगातून दिसते. पण १९४९नंतरच्या साध्या पाकिटावर हवाई असे काहीच दिसत नाही. तर्काने असे म्हणता येईल की विमानप्रवास सिद्ध न होणारे पाकीट हवाई टपालाच्या संग्रहात घ्यायचे तरी कशाच्या बळावर? उत्तर पाकिटाच्या दोन बाजूंवर आहे. समोर टपालात पडल्याचा शिक्का, पाठीवर पोचल्याचा. मुंबई-कलकत्ता आगगाडीला दीड-दोन दिवस लागत. दोन तारखांमधले अंतर आगगाडीला शक्य नसेल इतके थोडे असेल, तर पत्र उडालेच. अंतर मोठे असेल तर सांगता येत नाही. बोट चुकली असेल, पिशवी पडून राहिली असेल. अशी पाकिटे संशयितांत ठेवावीत. मात्र पहिल्या उड्डाणाच्या छापील पाकिटालाही हीच कसोटी लावली पाहिजे. त्यावरचा मजकूर विमानाने गेल्याचे सांगतो, प्रवास शिक्केच सिद्ध करतात.

दुसरा आक्षेप संग्राहकांच्या बाजूचा आहे आणि त्यात कृतघ्नतेचा ठपका आहे. संग्राहकांनी पदरचे पैसे घालून ही पाकिटे केली आणि सांभाळली नसती, तर १९११चे आणि १९३५चे आज काय उरले असते? हे खरे आहे. कोकणातले कागद टिकत नाहीत. चार महिने भिंतींना ओल, पेटीत बुरशी आणि कसर, तिकिटांचा डिंक आपोआप सुटतो किंवा चिकटून बसतो. दमट घरात राहिलेल्या टपालापेक्षा मुद्दाम बनवलेले, कोरड्या गावी जपलेले पाकीट जास्त उरणार हे उघड आहे. पण म्हणूनच उरलेल्या पाकिटांच्या संख्येवरून वापराचा अंदाज बांधू नये. आल्बम भरला तो संग्राहकाच्या आवडीने, आणि ओलीत नष्ट झाले ते टपाल वापरणाऱ्यांचे. शिवाय हा नाश सगळा पावसाने केलेला नाही. तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचे आणि पाकीट फेकून द्यायचे ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. सुट्या तिकिटावर फार तर शिक्क्याचा एक तुकडा राहतो. मार्ग सांगणारा मजकूर पाकिटाबरोबर जातो. पुढे कोकणातली मंडळी आखाती देशांत कामाला गेली आणि लाल-निळ्या कडांची पाकिटे गावोगावी येऊ लागली, तेव्हाही मुलांनी परदेशी तिकीट तेवढे कापून घेतले.

प्रदर्शनांत हवाई टपाल आणि टपालइतिहास असे दोन वेगळे विभाग असतात. चिठ्ठी, खास शिक्का वा जादा तिकीट नसलेले १९४९चे पाकीट दुसऱ्या विभागात ढकलले जाणे साहजिक मानले जाते. मला ती विभागणी चुकीची वाटते. रत्नागिरीच्या शिक्क्याचे, पाठीवर दिल्लीची लवकरची तारीख असलेले, नेहमीच्याच दराचे तिकीट लावलेले पाकीट हवाई टपालाच्या चौकटीतच लावावे, जुहूच्या १९३२च्या पाकिटानंतर लगेच, आणि अलाहाबादच्या पाकिटापेक्षा त्याला अधिक जागा द्यावी.