वजनकाट्याचा आकडा नाचतोय? लोड सेलची तपासणी अशी करा

कांदा, कापूस, सोयाबीन असो की संकलन केंद्रावरचं दूध, आता सगळं इलेक्ट्रॉनिक काट्यावरच मोजलं जातं. ५० किलोच्या गोणीमागे काटा अर्धा किलो कमी दाखवत असेल, तर ४० क्विंटल मालात ४० किलोचा फटका बसतो. अशा वेळी दोष बऱ्याचदा लोड सेलमध्ये असतो, पण दरवेळी नाही.

लोड सेल म्हणजे काय?
प्लॅटफॉर्मखाली धातूचा एक ठोकळा असतो. वजन पडलं की तो किंचित वाकतो. त्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा विद्युत रोध त्यामुळे बदलतो आणि तो फरक डिस्प्लेवर किलोत दिसतो.

काटा न उघडता काय पाहावे?
- काटा सपाट, टणक जागेवर आहे का? प्लॅटफॉर्मखाली माती, खडा, दाणे अडकलेत का?
- बॅटरी उतरली आहे का? वायर उंदराने कुरतडली आहे का? जोडणीत ओल आहे का?
- रिकामा काटा शून्यावर स्थिर राहतो का? वजन काढल्यावर पुन्हा शून्यावर येतो का?
- शिक्का असलेलं २० किलोचं वजन मध्यभागी आणि मग चारही कोपऱ्यांवर ठेवा. कोपऱ्यागणिक आकडा बदलला तर काट्यात बिघाड आहे.

मेकॅनिकने काय तपासावे?
बऱ्याच लोड सेलमध्ये लाल आणि काळी वायर पुरवठ्याची, तर हिरवी आणि पांढरी सिग्नलची असते. कंपनीनुसार रंग बदलतात, म्हणून लेबल पाहावे.

वायर सोडवून मल्टिमीटर लावल्यावर नेहमीच्या ३५० ओहमच्या सेलमध्ये हिरवी-पांढरीत सुमारे ३५०, तर लाल-काळीत ३५० ते ४५० ओहम येतात. लाल-हिरवी आणि लाल-पांढरीचं रीडिंग जवळपास सारखं हवं. मोठा फरक असेल किंवा रीडिंगच येत नसेल, तर गेज किंवा वायर तुटली आहे. कोणतीही वायर आणि सेलचा धातू यांच्यात रीडिंग दिसलं, तर आत ओल शिरली आहे. आकडा नाचण्याचं हे नेहमीचं कारण.

नंतर वायर जोडून काटा चालू करावा. १०० किलो क्षमतेच्या, २ मिलीव्होल्ट प्रति व्होल्टच्या सेलला ५ व्होल्ट मिळत असतील, तर ५० किलो ठेवल्यावर सिग्नल साधारण ५ मिलीव्होल्टने वाढतो. रिकाम्या काट्यावरही सिग्नल बराच जास्त असेल, तर जादा वजनाने किंवा गोणी आदळल्याने ठोकळा कायमचा वाकलेला असतो. असा सेल बदलावाच लागतो. सेल ठीक निघाला, तर बिघाड डिस्प्लेच्या सर्किटमध्ये शोधावा.

सील तोडू नका
व्यापारातल्या काट्याचं सील स्वतः तोडू नये. दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करून घ्यावी आणि त्यानंतर वैधमापन शास्त्र विभागाकडून काटा पुन्हा पडताळून घ्यावा. माल घालण्याआधी काट्यावरचा पडताळणीचा शिक्का आणि प्रमाणपत्राची मुदत पाहणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे. शंका आली तर याच विभागाकडे तक्रार करता येते.