एकोणसाठ तज्ज्ञ

आमच्या ईडन प्रेरीहून मिनेसोटा विद्यापीठ गाडीने अर्ध्या तासावर. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो आणि कोरियाची गोष्ट ऐकवतो. (पाहुणे बिचारे ऐकून घेतात!)

सेऊलचं राष्ट्रीय विद्यापीठ १९४६ सालचं, म्हणजे अगदी कोवळं. त्यात १९५०-५३ च्या युद्धाने त्याची पार दैना केली. १९५४ मध्ये अमेरिकन सरकारच्या पैशाने मिनेसोटाशी करार झाला. १९६२ पर्यंत चाललेल्या या उपक्रमात वैद्यक, शेती आणि इंजिनिअरिंगवर भर होता. मिनेसोटाचे ५९ सल्लागार सेऊलला गेले.

आता गंमत बघा. आपल्या पवईच्या आयआयटीला (स्थापना १९५८) युनेस्कोमार्फत सोविएत मदत मिळाली, तेव्हा तिथे आलेले रशियन तज्ज्ञही ५९च! शिवाय १४ तंत्रज्ञ आणि यंत्रसामग्री. पण उलट दिशेने काय झालं? पवईच्या अध्यापकांना युनेस्कोकडून रशियात शिकायला २७ शिष्यवृत्त्या मिळाल्या. सेऊलहून मिनेसोटाला आले २२६ जण.

ही तुलना थोडी अन्यायाची आहे, कबूल. आपल्याकडे शिकलेली माणसं आधीपासून होती, पवईची मुख्य गरज प्रयोगशाळांची होती. तरीही मला तो २२६चा आकडा जास्त मोलाचा वाटतो. तज्ज्ञ येतो, दोन वर्षं राहतो, निरोप समारंभ होतो, हार घातला जातो, संपलं. इथून शिकून गेलेला अध्यापक मात्र पुढची तीस वर्षं शिकवतो. आणि ही मंडळी परत गेली, कारण ती मुळात सेऊलच्या नोकरीत होती. आमच्यासारखी अर्ज-विनंत्या करून, स्वतःच्या जबाबदारीवर आलेली नव्हती. आम्ही कशाला परत जातोय!

आफ्रिकेतल्या नव्या विद्यापीठांसाठी असे करार होतात, तेव्हा मी हेच शोधतो: किती जण शिकायला येणार आणि संशोधन कुठे करणार? मोरोक्कोत राबातला १९६६ साली हसन दुसरे यांच्या नावाची कृषी आणि पशुवैद्यक संस्था निघाली. तिच्याशीही मिनेसोटाने वर्षानुवर्षं काम केलं. तिथल्या तरुण अध्यापकांनी पीएचडीचे वर्ग इथे केले, पण प्रबंधाचं संशोधन मोरोक्कोत, तिथल्याच कोरडवाहू शेतीच्या प्रश्नांवर. इथल्या मक्यावर प्रबंध लिहून राबातच्या शेतकऱ्याला काय उपयोग?